‘पर्यंत’ केवढ्या अक्षरात?

दसरा-दिवाळीतली वर्तमानपत्रांची पहिली पाने काढून बघा. ‘५०%’ हा आकडा अर्धे पान व्यापतो, ‘सूट’ त्याच्या खालोखाल, आणि मधला ‘पर्यंत’ शोधावा लागतो. खरे तर सगळा अर्थ त्याच्यावरच तोललेला असतो. तो नसेल तर दुकानातली प्रत्येक वस्तू निम्म्या किमतीत. तो असेल तर मोजक्याच वस्तू तशा मिळाल्या तरी चालते. घरांच्या जाहिरातींत ‘पासून’ची हीच गत. मराठीत शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहितात. लेआउटमध्ये आपण जाहिरात करणारे ते तोडतो आणि सहा पॉइंटात ढकलतो. याला मी डिझाइन म्हणणार नाही, ही वाचकाची फसवणूक आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा आणि फाँटही तोच हवा, असे त्यांत म्हटले आहे. तरी मराठी होर्डिंगवर ‘अटी लागू’च्या पुढची ओळ सर्रास इंग्रजीत असते. ‘इंग्रजी मजकूर वकिलाने तपासलेला आहे, त्याला हात लावू नका’ असे क्लायंट सांगतो आणि आपण ऐकतो. तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून पुन्हा वकिलाकडे पाठवणे हे कॉपीरायटरचेच काम आहे.

‘मोफत’ या शब्दालाही त्याच तत्त्वांनी कुंपण घातले आहे. जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू आणण्याचा किंवा पोचवण्याचा अटळ खर्च तेवढा ग्राहकाने सोसावा. पॅकिंग, हाताळणी अशा नावाखाली पैसे घेतले, तर ती वस्तू मोफत राहत नाही.

मला सर्वांत खटकतो तो ‘सौजन्य’. पैसे मोजून छापलेल्या मजकुराखाली ‘अमुक यांच्या सौजन्याने’ लिहिले की व्यवहार उपकारासारखा दिसू लागतो. समाजमाध्यमांवर ‘सहयोग’ तेच काम करतो. नियमांना तो चालत असला, तरी गावाकडच्या वाचकाला त्यातून पैशांचा बोध होत नाही. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र शाळकरी पोरालाही कळतो. तेव्हा पुरवणीतल्या प्रत्येक विकत घेतलेल्या मजकुरावर, मथळ्याच्या वर, ठळक टाइपात तोच छापावा. ‘प्रायोजित’ म्हणा असा आग्रह क्लायंटने धरला, तरीही.