स्वप्नातला तो आणि ती

नागपूरहून रामटेक जेमतेम ५० किलोमीटर. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. सगळ्यांनाच ते मान्य नाही, असो. आम्हाला ओढ आहे ती त्या काव्यातल्या स्वप्नांची. रामगिरीवरचा यक्ष झोपेत दूरच्या पत्नीला कवटाळायला हात पसरतो, ते रिकाम्या आकाशात. आणि तिकडे अलकानगरीत ती झोपलेली असेल तर प्रहरभर थांब, गरजू नकोस, असं निरोप नेणाऱ्या मेघाला बजावतो. न जाणो, तिच्याही स्वप्नात हाच असेल आणि मिठी सुटायची! काय हा विश्वास! पण ओळखीची खूण म्हणून तो सांगतो ते भलतंच. एका रात्री त्याच्या गळ्यात हात टाकून झोपलेली ती रडत उठली. खोदून खोदून विचारलं तेव्हा मनातल्या मनात हसत म्हणाली, स्वप्नात तू दुसरीबरोबर दिसलास. निरोप्या खरा आहे हे पटायला एवढं पुरे, कारण हे स्वप्न दोघांखेरीज कुणाला ठाऊक असणार?

फ्रॉइडने यात दडलेली इच्छा नाहीतर भीती शोधली असती. कालिदासाने ते नुसतं जपून ठेवलं. या अंकात नवरा-बायकोंनी, बहिणींनी, मित्रांनी एकमेकांना सांगितलेली स्वप्नं आहेत. अर्थ आम्ही लावलेले नाहीत.