दशमुळातलं एक मूळ

यंदा पोळ्याला पातूरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मामांसोबत लेण्यांच्या मागच्या डोंगरावर भटकायला गेलो. (मोबाईलला रेंज नव्हती. ऑफिसला सांगायला बरं कारण मिळालं!) गवतातून चालताना मामा एकदम ओरडले, "पाय जपून ठेव बाबू, पिठवण हाये ते!"

खाली पाहिलं. कमरेच्या आत उंचीचं एक सडपातळ झुडूप. लांबट पानं आणि प्रत्येक पानाच्या मधोमध पांढुरका पट्टा, पिठाचं बोट फिरवल्यासारखा. वर एक उभा तुरा, त्यात बारीक गुलाबी-जांभळी फुलं. मटारच्या फुलाची मिनी आवृत्ती म्हणा. कारण ही शेंगावर्गातलीच, आपल्या तुरीची लांबची बहीण.

"पयले पायलीचे पन्नास झाडं होते अठी. लोकं मुया खंदून नेतात. मूय गेलं का झाड गेलं."

पुण्यात परत आल्यावर शोधाशोध केली आणि चाटच पडलो. पिठवण म्हणजे संस्कृतातली पृश्निपर्णी, ठिपक्याठिपक्यांच्या पानांची. अथर्ववेदात तिच्यावर एक आख्खं सूक्त आहे. आणि दशमुळातल्या दहा मुळांपैकी एक मूळ हिचं. म्हणजे बाळंतिणीला देतात ते दशमूलारिष्ट, थंडीत आपण चमचा चाटून खातो तो च्यवनप्राश, या सगळ्यात ही असते. निदान असायला हवी. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात त्या अरिष्टाच्या बाटल्या मीच आणून दिल्या होत्या. झाड मात्र पाहिलं वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तेही पायाखाली येता येता वाचलं तेव्हा.

आता कोणी म्हणेल, ही वनस्पती तर आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत उगवते, संपायला काय झालंय? बरोबर आहे. पण माझ्या मामांच्या डोंगरावरची संपली तर ऑस्ट्रेलियातून उडत येणार आहे का ती? पिठवण बहुवर्षायू आहे. वरचं वाळलं तरी खालचं मूळ टिकतं, पावसाळ्यात पुन्हा फुटतं. तुळशीची पानं तोडली तर तुळस राहते. इथे आपल्याला नेमकं तेच हवंय ज्याच्या जोरावर झाड जगतं. बरं, बी टणक सालीचं, ते सहजासहजी रुजत नाही. म्हणजे एक झुडूप उपटलं की तिथे दुसरं उभं राहायला वेळ लागणार आणि तोवर पुढचा खणणारा येऊन जाणार.

कृपा करून त्या खणणाऱ्याला शिव्या घालू नका. राग यायचाच असेल तर बाटलीवरच्या लेबलाचा येऊ द्या. त्यावर संस्कृत नाव असतं, लॅटिन नाव असतं, मिलिग्रॅमसुद्धा असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सींची पूर्ण यादी. फक्त सोर्स गायब! मूळ रानातून उपटलं की शेतात लावलं, याचा पत्ता नाही. शिवाय पिठवण म्हणून देशात सगळीकडे एकच झाड वापरतात असंही नाही. काही भागांत तिची भावंडं चालतात, केरळात तर भलतीच वनस्पती. नाव तेच, आत कोड वेगळा. असा बिल्ड आपण प्रॉडक्शनला जाऊ दिला असता का?

कायद्याचं म्हणाल तर जैवविविधता कायदा २००२ चा. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की देशी कंपन्यांनीही जैविक संपत्ती वापरल्याबद्दल लाभातला वाटा द्यायला हवा. मग २०२३ ची दुरुस्ती आली आणि ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला सवलत मिळाली. लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही मिळाली, ती मला मान्य आहे. उलट तेच तर हवंय. पहिली सवलत मात्र डोक्यात जाते. ज्ञान ग्रंथात आहे, कबूल. मूळ ग्रंथात नाही हो, मूळ डोंगरात आहे!

आणि आपण गिऱ्हाईक तरी काय कमी आहोत? 'रानातलं', 'वाइल्ड', 'जंगलातून थेट' असं छापलेलं दिसलं की शंभर रुपये जास्त मोजतो. जे वाचून बाटली परत ठेवायला हवी, त्याच शब्दावर भाळून ती कार्टमध्ये टाकतो. मीही टाकलीय.

मी मामांना म्हटलं, शेतात लावा ना पिठवण. शेंगावर्गातली आहे, जमिनीला नत्र देईल. सोयाबीनचं दरवर्षीचं रडगाणं तरी थांबेल. मामा माझ्याकडे बघून हसले. "लावू ना बाप्पा. घेईन कोन ते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून घरातल्या बाटलीवरच्या कस्टमर केअरला मेल टाकला. प्रश्न तीनच: यातली पृश्निपर्णी नेमकी कोणती, रानातली की शेतातली, आणि शेतातली असेल तर शेतकऱ्याशी खरेदीचा लेखी करार करता का?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया आम्हाला पाच पैकी तारे द्या.

मी तिकीट रीओपन केलंय. तुमच्याही घरात बाटली असेलच. तेच तीन प्रश्न कॉपी-पेस्ट करून पाठवा.