टपालघराच्या दारातील तपासणी

परगावी राहणाऱ्या मुलाचे पत्र हल्ली पुष्कळदा संगणकावरून येते. ते प्रथम ज्या यंत्रात उतरते त्यास मेल सर्व्हर म्हणतात. ते एक टपालघरच होय. पत्रासोबत तेथे घातक फाईलही शिरू शकते. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' हा विषाणू प्रेमपत्राच्या वेषातच जगभर पसरला.

अशा फाईली हुडकणारा क्लॅमस्कॅन हा प्रोग्रॅम टंकलिखित आज्ञेवर चालतो. तपासणीअंती तो एक अंक कळवितो : ० म्हणजे विषाणू आढळला नाही, १ म्हणजे आढळला, २ म्हणजे तपासणीतच बिघाड झाला. २ आल्यास पत्र निर्दोष मानणे धोक्याचे.

आज्ञेत तसे सांगितल्यावाचून तो फाईलीस हात लावीत नाही. 'रिमूव्ह' लिहिल्यास मात्र ती पुसून टाकतो. येथेच सावधगिरी हवी. 'एमबॉक्स' पद्धतीत एका पेटीतील सर्व पत्रे एकाच फाईलीत साठविलेली असतात. एका दूषित पत्रापायी ती फाईल पुसली, तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेलाच म्हणावयाचा!

म्हणून सुज्ञ व्यवस्थापक प्रत्येक पत्र पेटीत पडण्यापूर्वी दारातच तपासतो आणि संशयित पत्र निराळ्या कोठडीत ठेवतो. तपासनीसाचीही चूक होते. क्वचित निर्दोष कागदही दोषी ठरतो. तेव्हा अपेक्षित पत्र आले नाही, तर व्यवस्थापकाकडे अवश्य चौकशी करावी. कोठडीत ठेवलेले पत्र परत मिळते. पुसलेले सहसा मिळत नाही.