पहिली भवानी आणि वर्षाचा ताळेबंद

दुकान उघडून गादीवर बसलेल्या माणसाला सकाळची पहिली विक्री किती मोलाची वाटते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. भवानी चांगली झाली की मन प्रसन्न होते, मुनीमजींशी बोलतानाचा स्वर मवाळ होतो आणि दिवस आपलाच आहे असे वाटू लागते. तथापि भवानीच्या रकमेवरून वर्षाचा नफा काढणारा व्यापारी आपण पाहिलेला नाही. रोजकीर्दीतील पहिली नोंद आणि वर्षअखेरीचा ताळेबंद यांमध्ये किती उलाढाली, किती उधाऱ्या आणि किती बुडीत खाती असतात, याची जाण त्याला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने आलेली असते.

व्यापारात कटाक्षाने पाळला जाणारा हा विवेक खेळाच्या मैदानाकडे पाहताना मात्र सहज सुटतो. पहिल्या विजयाला आपण डोक्यावर घेतो, पहिल्या पराभवाने खचतो, आणि त्या विजयात नेमके काय कमावले हे पाहण्याचे राहून जाते. या विषयावर विचार करताना अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या व्हॉलीबॉलमधील एक विजय मला फार बोधप्रद वाटतो. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या देशात शिकत आहेत. त्यांच्या कानांवर नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचे नाव बहुधा आले असेल.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीप्रधान राज्य. मका आणि गुरे ही त्याची मुख्य संपत्ती. सबंध राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. विद्यापीठाच्या संघांचे नावच ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. मोठ्या व्यावसायिक लीगमधील एकही संघ या राज्यात नाही; त्यामुळे लोकांचा सारा जीव विद्यापीठाच्या संघांवर. त्यांतही मुलींच्या व्हॉलीबॉलला तेथे जो मान आहे, तो आपल्याकडे क्रिकेटलाच मिळतो. लिंकन या राजधानीच्या शहरात या संघाच्या घरच्या सामन्यांची तिकिटे २००१ पासून अखंडपणे संपत आलेली आहेत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर उघड्या आकाशाखाली या संघाचा सामना ठेवण्यात आला, तेव्हा ९२,००३ प्रेक्षक जमले. महिलांच्या क्रीडासामन्याला एवढी उपस्थिती जगात पूर्वी कधी नोंदली गेली नव्हती. त्या रात्री नेब्रास्काने ओमाहा संघाला सरळ तीन सेटमध्ये हरवले.

परंतु आपल्याच पेठेत, आपल्याच माणसांच्या गर्दीत झालेला तो विजय होता. खरी कसोटी पुढेच होती. १२ सप्टेंबर २०२३, मंगळवार. नेब्रास्काचा संघ कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मैदानावर उतरला. राष्ट्रीय स्पर्धेची ९ विजेतेपदे मिळवणाऱ्या स्टॅनफर्डच्या पुढे या खेळात कोणीही नाही. नेब्रास्काची विजेतेपदे ५. २०१८ च्या अंतिम सामन्यात याच स्टॅनफर्डने नेब्रास्काला पाचव्या सेटमध्ये नमवले होते, आणि आदल्याच वर्षी लिंकनला येऊन त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर हरवले होते. असे हे जुने देणे-घेणे. नेब्रास्काच्या संघात त्या वर्षी प्रथम वर्षाच्या अनेक मुली होत्या. सेटरची जागा, म्हणजे संघाची किल्लीच, बर्गन रायली या नवख्या मुलीच्या हाती होती. आक्रमणात हार्पर मरे ही तिच्याच वर्गातील मुलगी. नेब्रास्काने तो सामना ३-१ असा जिंकला.

अशा विजयानंतर चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट त्याच रात्री डिसेंबरमधील अंतिम सामन्याची स्वप्ने पाहू लागतो. दुसरा म्हणतो, अजून तीन महिन्यांचा हंगाम पुढे आहे. सप्टेंबरचे चषक कोणी देत नाही. पहिल्याला दुसरा रडका वाटतो आणि दुसऱ्याला पहिला भाबडा. पण नेब्रास्कासारख्या ठिकाणी, जेथे आजी आणि नात एकाच बाकावर बसून वर्षानुवर्षे सामने पाहतात, तेथे आणखी एक तट आढळतो. तो विचारतो, परक्या मैदानावर सर्व्हिस कशी घेतली?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वस्तुतः सारा खेळ त्यावर उभा असतो. समोरून आलेली सर्व्हिस पहिल्या मुलीने नीट उचलली, तर चेंडू सेटरच्या हाती अलगद येतो. मग सेटरला डावीकडे, मध्ये वा उजवीकडे हव्या त्या मुलीला चेंडू देता येतो आणि प्रतिपक्षाला अंदाज लागत नाही. पहिलाच स्पर्श चुकला, तर सेटरला धावत जाऊन कसाबसा चेंडू वर काढावा लागतो आणि समोरच्या तिघी उड्या मारून भिंत उभी करतात. परक्या सभागृहात छताची उंची वेगळी, दिव्यांची मांडणी वेगळी, सर्व्हिस करणाऱ्या मुलीच्या पाठीमागचे दृश्य वेगळे. चेंडूचा अंदाज बोटभर चुकला तरी पुरे. त्यात प्रेक्षक विरोधकांचे, घड्याळ दोन तासांनी मागे, आणि दिवस कॉलेजच्या तासांचा. अशा ठिकाणी पहिला स्पर्श स्थिर राहिला, तर तो संघाचा मूळ गुण होय असे मानता येते. नेब्रास्काकडे त्या काळी लेक्सी रॉड्रिग्ज ही नामांकित लिबेरो होती. लिबेरो म्हणजे केवळ मागच्या रांगेत राहून बचाव करणारी, वेगळ्या रंगाचा पोशाख घालणारी खेळाडू. तिला स्मॅश मारून गुण मिळवण्याची मुभा नसते. आणि तरीही जाणते चाहते प्रथम तिच्याकडे पाहतात.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. पण शीत कोठले घेतले याला महत्त्व असते. वरचे शीत वाफेने लवकर शिजते. सुगरण पळीने तळाचे शीत काढून पाहते. घरचा विजय हे वरचे शीत. तुल्यबळ संघाला त्याच्याच अंगणात हरवणे हे तळाचे.

जाणत्या चाहत्यांचे दुसरे मोजमाप आपल्या व्यापारी वाचकांना विशेष आवडेल. एखाद्या मुलीने किती स्मॅशवर गुण मिळवले, एवढेच ते पाहत नाहीत. समजा, तिने ४० वेळा चेंडू मारला, त्यांपैकी १५ वेळा गुण मिळाला आणि ५ वेळा चेंडू जाळ्यात वा बाहेर गेला किंवा प्रतिपक्षाने अडवून गुण घेतला. तर १५ मधून ५ वजा करून ४० ने भागायचे. उत्तर येते ०.२५०. दुसरीने १८ गुण मिळवले, पण ५० प्रयत्नांत १० चुका केल्या. तिचे उत्तर ०.१६०. टाळ्या दुसरीला अधिक मिळतील, परंतु संघाच्या पदरात अधिक टाकले ते पहिलीने. एकूण विक्री आणि निव्वळ नफा यांतील भेद यापेक्षा वेगळा नाही. आठवीतील मुलीही तेथे या भाषेत बोलतात.

आता प्रश्न उरतो तो सप्टेंबरच्या विजयाचे मोल डिसेंबरमध्ये काय मिळते हा. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ निवडले जातात. निवड आणि क्रमवारी ठरवताना ज्या निर्देशांकांचा आधार घेतात, त्यांतील एक असा आहे : संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला केवळ एक चतुर्थांश वजन, ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या विजयांच्या प्रमाणाला निम्मे वजन, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेला एक चतुर्थांश. म्हणजे तुमची पत तुमच्या यशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तुम्ही कोणाशी व्यवहार केला यावरून ठरते. दुबळ्यांना हरवून आकडे फुगवणाऱ्याला येथे फारसा लाभ नाही. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना अर्जदाराच्या उलाढालीबरोबर त्याची येणी कोणाकडे आहेत हेही पाहावे लागते; तोच हा न्याय.

वरचे मानांकन मिळालेल्या १६ संघांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्या गावी खेळता येतात, आणि अग्रस्थानी असलेल्या चौघांना त्यापुढच्या दोन फेऱ्याही. म्हणून सप्टेंबरात परमुलखी जाऊन पत्करलेली जोखीम डिसेंबरात घरच्या अंगणाच्या रूपाने व्याजासह परत येऊ शकते. २०२३ मध्ये नेब्रास्काला अव्वल मानांकन मिळाले आणि स्पर्धेचे पहिले चारही सामने ते लिंकनमध्येच खेळले व जिंकले.

मग स्वप्ने पाहणारा तट खरा ठरला का? तसेही नाही. नेब्रास्काने त्या हंगामात ओळीने २७ सामने जिंकले आणि पहिला पराभव पत्करला तो नोव्हेंबरच्या अखेरीस, विस्कॉन्सिनच्या मैदानावर. पुढे सावरून ते फ्लोरिडातील टॅम्पा येथे अंतिम सामन्यात पोहोचले. तेथे टेक्सासने त्यांना सरळ तीन सेटमध्ये हरवले : २५-२२, २५-१४, २५-११. ज्या सर्व्हिस घेण्याच्या कौशल्यावर वर्षभर भिस्त होती, तेच त्या दिवशी डळमळले. टेक्सासने तब्बल १२ गुण थेट सर्व्हिसवर मिळवले. आणि विजेत्या टेक्सासची भवानी कशी होती? त्यांनी हंगामातील पहिलाच सामना लाँग बीच स्टेटकडून गमावला होता. वर्षभरात त्यांनी एकूण ४ पराभव पत्करले, तर नेब्रास्काने केवळ २. चषक मात्र टेक्सासकडे गेला.

याचा अर्थ स्टॅनफर्डमधला तो विजय व्यर्थ गेला, असा नव्हे. नवख्या मुलींना परक्या गोंगाटात स्थिर राहता येते, हे त्या मंगळवारी सिद्ध झाले. ते डिसेंबरातील पराभवाने पुसले जात नाही. भवानीने दुकानाची गुणवत्ता कळू शकते; वर्षाचा नफा कळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि त्या एकत्र मनात ठेवता येणे हेच जाणत्या चाहत्याचे लक्षण. २०२४ मध्ये हाच संघ उपांत्य सामन्यात पहिले दोन सेट जिंकूनही पेन स्टेटकडून हरला. त्यानंतरही लिंकनमधील गर्दी ओसरली नाही.

ही निष्ठा मुळात कोठून आली, हेही पाहिले पाहिजे. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींबाबत भेदभाव करण्यास मनाई केली. खेळही त्यात आले. मुलींच्या संघांना प्रशिक्षक, सभागृहे, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९८१ पासून महिलांची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा आजच्या संघटनेखाली सुरू झाली. पण कायदा सभागृह बांधून देईल. बाकांवर माणसे बसवणार नाही. ते काम लिंकनच्या लोकांनी केले. टेरी पेटिट आणि त्यांच्यानंतर जॉन कुक या दोन प्रशिक्षकांनी मिळून सुमारे ४७ वर्षे संघ घडवला, आणि लोकांनी तिकीट काढून, खेळ समजून घेऊन, त्यावर घरोघरी वाद घालून त्याला आधार दिला. मुलींचा खेळ स्वतःचा खर्च भागवू शकत नाही, हा समज तेथे खोटा ठरला.

आपल्याकडे मुलींच्या खेळाचे कौतुक होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, व्यासपीठावरील छायाचित्र हे सारे आपण मनापासून करतो. परंतु ते बहुधा चषक घरी आल्यावर. मधल्या चर्चेत आपण कोठेच नसतो. घरातील मुलगी आंतरमहाविद्यालयीन सामन्यासाठी परगावी जाते, रात्री उशिरा दमून परतते, आपण विचारतो, “जिंकलात ना? छान. जेवून घे.” हरली असेल तर विषयच काढत नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. यात माया आहे, पण तिच्या कामाची जाण नाही. मुलगा पेढीवर बसू लागला की आपण त्याला पहिल्या सौद्याविषयी किती खोलात जाऊन विचारतो! माल कोणाचा, भाव काय, वसुली कधी, नड कोठे आली. त्या प्रश्नांतूनच त्याला उमगते की आपल्या कामाला घरात किंमत आहे.

तेच प्रश्न मुलीलाही विचारता येतील. पुढचा सामना परगावी असेल तर दुकानाची एक दुपार मुनीमजींवर सोपवून तेथे जाऊन बसावे. ते शक्य नसेल तर ती परतल्यावर ताट वाढताना एवढेच विचारावे : समोरच्या सर्व्हिस कशा होत्या? पहिला चेंडू कोण उचलत होते? तुझ्या चुका किती झाल्या, आणि त्या कोणत्या वेळी? पहिल्या दिवशी ती चकित होऊन पाहील. दुसऱ्या दिवशी ताटावरून उठण्याचे भान तिला राहणार नाही, आणि आपल्यालाही.