नाव कोल्हापूर, कथा कोणाची?

करवीर संस्थानची राजधानी राहिलेल्या कोल्हापूरला हे नाव कसे पडले, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे. महालक्ष्मीने कोल्हासुराचा वध केला, मरताना त्याने नगरीला आपले नाव राहावे असा वर मागितला आणि देवीने तो दिला. दरवर्षी ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडून तो वध साजरा होतो.

आमचा सवाल असा की, जो एवढा दुष्ट होता त्याचेच नाव नगरीने का मिरवावे? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथांची उलटतपासणी केली आणि दैत्य म्हणजे या भूमीचे मूळ धनी, असे ठणकावून सांगितले. त्या न्यायाने कोल्हासुराला आपला राजा म्हणावेसे वाटणे साहजिक आहे. पण पुराणाला उत्तर म्हणून दुसरे पुराण रचणे हा आमचा मार्ग नव्हे. ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण आहे.

तपासले तर काय दिसते? शिलाहारांच्या बाराव्या शतकातील शिलालेखांत 'कोल्लापूर' आणि 'क्षुल्लकपूर' ही नावे येतात. तिथे असुर नाही, वधही नाही. म्हणजे नाव आधीचे आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी असुर मागाहून आला, हेच बुद्धीला पटते.

त्याही मागे जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातील भरभराटीची वस्ती उजेडात आली. रोमन जगाशी व्यापार करणारे हे नगर होते. एकोणिसाव्या शतकात याच शहरात स्तूपाच्या अवशेषांत अस्थिकरंडकाची दगडी पेटी सापडली. तिच्यावरील लेखात दान देणाऱ्या बम्हाचे आणि काम करविणाऱ्या धम्मगुत्ताचे नाव कोरलेले आहे. शिलाहार राजा गंडरादित्य याने तर १११० च्या सुमारास तळे बांधून त्याकाठी शिव आणि जिन यांच्याबरोबर बुद्धाचीही स्थापना केली.

कोहळा पाहायला गेलेल्या पोराला असुर मारायचा असतो एवढे कळते. आपल्या गावात धम्मगुत्त होऊन गेला, हे त्याला कोण सांगणार?

नाव म्हणजे नुसती पाटी नव्हे, हे आम्हाला कोणी शिकवू नये. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून घरे जळाली, माणसे मेली.

कोल्हापूरचे नाव बदला, असे आमचे म्हणणे नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हाच या नावाला खरा अर्थ मिळाला. मागणी एवढीच: शाळेत आणि पर्यटकांपुढे कथा ही कथा म्हणून सांगा, इतिहास हा इतिहास म्हणून. ते होईपर्यंत हे काम आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारांनी हाती घ्यावे.