कोविड वॉर्डातल्या नैराश्याचं खरं कारण काय? नांदेड-लातूरने हे का समजून घ्यावं

रोज मृत्यू पाहून डॉक्टर, नर्स खचले, असं बहुतेकांना वाटतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

२०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर आणि परिचारिकांची पाहणी झाली. निम्म्याहून थोड्या जास्त जणांत नैराश्याची लक्षणं दिसली. जास्त त्रास परिचारिकांना, महिलांना आणि थेट कोविड रुग्णांजवळ काम करणाऱ्यांना होता. प्रश्नावली साधी होती. झोप, भूक, थकवा, जगणं नकोसं वाटणं अशा ९ गोष्टी, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेल्या. प्रत्येकीला ० ते ३ गुण. (लक्षणं दिसली म्हणजे आजार पक्का, असं मात्र नाही.)

म्हणजे एकाच रुग्णालयात, एकाच साथीत भार सारखा पडला नाही. कोण कुठे उभं होतं, त्यावर तो ठरला.

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. आजूबाजूच्या जिल्ह्यांतला गरीब रुग्ण शेवटी इथेच येतो. इथून पुढे पाठवायचं तर संभाजीनगर किंवा हैदराबाद, म्हणजे रात्रभराचा प्रवास. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ साली, बाहेरून मदतीचे लोंढे आले होते. कोविडमध्ये कोण येणार? सगळीकडे तीच गत.

त्यात पीपीई किट घातल्यावर तासन्‌तास पाणी नाही, लघवीला जाता येत नाही. ड्युटी संपवून घरी जावं तर म्हातारे सासू-सासरे आणि लहान लेकरं. आपल्यामुळे घरात आजार जाईल, ही भीती जगभरातल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसली आहे.

आशा सेविकांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांना पगार नाही, मोबदला मिळतो. जून २०२१ मध्ये राज्यभर संप केला तेव्हा कुठे मानधनात १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला. ५० लाखांचं विमा कवच होतं, पण ते मृत्यूनंतरचं.

साथ ओसरल्यावर तरी काही बदललं का? ऑक्टोबर २०२३ मध्ये विष्णुपुरीत २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती. औषधं आणि मनुष्यबळाच्या तुटवड्याची चर्चा झाली. मग तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. जाब विचारायलाच हवा होता. पण तुटवडा ज्यांच्या हातात नाही त्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तर वॉर्डातल्या सिस्टरने त्यातून काय समजायचं?

सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस सुरू केलं. १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत समुपदेशन मिळतं. चांगली सोय आहे. पण समुपदेशनाने रिक्त पद भरत नाही आणि सलग ड्युटीही कमी होत नाही. त्यामुळे ‘मन खंबीर ठेवा’ छापाच्या शिबिरांपेक्षा भरती, सुटी आणि झोपायला धड खोली यांचा हिशेब आधी मागायला हवा.

फोनचा एक फायदा मात्र छोट्या शहरात मोठा आहे. स्वतःच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायचं, तर केसपेपर काढणाराही ओळखीचाच असतो.