वारा पडला तरी समुद्र का खवळतो?

गेटवेहून मांडव्याला सकाळच्या लाँचने जाणारी मंडळी गप्पा मारत जातात आणि दुपारी परतताना बाकाची कड घट्ट धरून बसतात. आभाळात ढग नाही, वादळाची वार्ता नाही. मग चार-पाच तासांत समुद्राला झाले काय?

वारा उलटला, एवढेच. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. किनाऱ्यालगत त्यांना लाट उठवायला पल्लाच मिळत नाही. ऊन तापले की खारे वारे सुटतात आणि दुपारनंतर जोर धरतात. ते मोकळ्या पाण्यावरून येतात. वाऱ्याचा वेग जितका महत्त्वाचा, तितकेच तो किती वेळ आणि किती लांबून पाण्यावर वाहत आला, हेही महत्त्वाचे. पावसाळ्यात तर नैर्ऋत्येचा वारा अख्खा अरबी समुद्र ओलांडून आठवडेच्या आठवडे येत राहतो. तेव्हा या लाँच बंद ठेवतात, ते योग्यच!

पण होडीला त्रास होतो तो केवळ लाटेच्या उंचीने नव्हे. दर तीन सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी सुमारे चौदा मीटर असते, म्हणजे जवळजवळ लहान लाँचएवढीच. नाक एका लाटेवरून उतरते न उतरते तोच पुढची आदळते. याउलट पंधरा-सोळा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट चारशे मीटर लांब असू शकते. खोल पाण्यात होडी तिच्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते.

आता यात भरती-ओहोटी मिसळा. वारा आणि पाणी एकाच दिशेने चालले असतील, तर लाटा लांबट आणि बसक्या होतात. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला, तर लाटांची वाट अडते, त्यांची दाटी होते, उंची वाढते आणि चढ उभा होतो. वारा तोच, होडी तीच. सहा तासांपूर्वी भरतीबरोबर याच जागेवरून आरामात आलो होतो, यावर विश्वास बसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार, अष्टमीच्या भांगात मंद. कोळीबांधव तिथी पाहून निघतात, त्यामागे हा हिशेब आहे.

सर्वांत फसवी लाट मात्र परक्या मुलखातली. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळ होते आणि त्याच्या लाटा हजारो किलोमीटर चालून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे वाऱ्याची झुळूकही नसते. केरळात याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी अशाच दिवसांत बुडाले. अशा लाटांचा इशारा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेने आधीच दिला होता. वारा नाही म्हणजे धोका नाही, हा समज असा महागात पडतो.

भर समुद्रात ही लांब लाट जाणवतही नाही. खाडीच्या मुखाशी पाणी उथळ झाले की ती मंदावते, उंच होते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापट उरली की फुटते. वाळूचा दांडा आणि त्यात ओहोटी असेल, तर होडी आडवी होऊन उलटायला एक लाट पुरते. जाणता तांडेल अशा वेळी बाहेरच इंजिन मंद करून थांबतो. आत बसलेल्यांना बंदर समोर दिसत असते, घरी जायची घाई असते, ते कुरकुरतात. तो पाण्याकडे पाहत राहतो. भरती लागली, फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पट्टा ओसरला, की मगच होडीचे नाक आत वळवतो.